आधी एक गाव पाठ कर

तुझं हॉलंडच्या वागेनिंगेन विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं त्या संध्याकाळी तुझ्या बाबानं पेढे आणले आणि मी तुझी रावेची, म्हणजे पदवीतल्या ग्रामीण कार्यानुभवाची, वही मागितली. तुझं तोंड उतरलं, ते मी पाहिलं. पण कृषी खात्यात छत्तीस वर्षं घासलेला म्हातारा पेढ्याआधी वहीच बघणार.

वही वाचली. पहिली चार पानं रोजच्या रोज लिहिलेली आहेत. शाई बदलते, अक्षर बदलतं, एका पानावर पावसाचा थेंबही पडलाय. पाचव्या पानापासून पुढचं सगळं एका बैठकीत उरकलेलं. दहा शेतकऱ्यांची माहिती, आणि दहाही जणांकडे दोन बैल, एक म्हैस! अगं पोरी, दहा घरांत सारखीच जनावरं असलेलं गाव मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. तुला मार्क मिळाले ते मिळाले. पण आता तू ज्या विषयाची पदव्युत्तर पदवी घ्यायला निघालीस, त्याचं सगळं भांडवल त्या न लिहिलेल्या पानांत आहे.

म्हणून पहिलं सांगणं हे. तुझे वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. जुलैत लावणीच्या वेळी रावेच्या त्याच गावी पुन्हा जा, पंधरा दिवस राहा आणि ते गाव पाठ कर. पाढे पाठ करतात तसं. तरवा कोणी टाकला, लावणीला बायका कुठून आल्या, कोणाची सावड कोणाशी, कोणाचं शेत गेली किती वर्षं पडीक आहे आणि त्याचा मालक भांडुपला राहतो की नालासोपाऱ्याला. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गड्याशी बोल. तो किती महिने असतो, पैसे घरी कसे पाठवतो, त्याच्या गावातली शेती कोण बघतं? आंतरराष्ट्रीय शेतीचा पहिला धडा तुला रत्नागिरीतच मिळेल, आणि त्याला व्हिसा लागत नाही. पुढे वर्गात कोणी प्राध्यापक फळ्यावर बाणांची आकृती काढून ‘ग्रामीण कुटुंब निर्णय कसे घेतं’ हे सांगेल, तेव्हा ती आकृती त्या गावातल्या एखाद्या घरावर बसवून बघायची. बसली तर उतरवून घे. नाही बसली तर हात वर कर. एक गाव ज्याला पक्कं येतं, तो विद्यार्थी वर्गात कधी गप्प बसत नाही.

आता माझी फजिती ऐक. तुझ्या बाबालाही ही माहीत नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना आली. इस्रायलच्या डॅनिएल बेनोर यांची ही पद्धत जागतिक बँकेनं देशोदेशी नेली. तुझ्या अभ्यासक्रमात तिच्यावर एखादं प्रकरण असेलच, बहुधा टीकेचं. पंधरवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याकडे जायचं आणि त्या पंधरवड्याचा संदेश द्यायचा. मी तेव्हा मराठवाड्यात होतो, परभणीहून पदवी घेऊन आलेला, पँटीला इस्त्री. एका खरिपात संकरित ज्वारीचा प्रात्यक्षिक प्लॉट घेतला. पेरणी झाली आणि पावसानं दडी मारली. उगवण विरळ, मला घाम फुटला. पुढच्या भेटीला गेलो तर काय, ओळी भरलेल्या! मी वहीत लिहिलं, ‘उगवण समाधानकारक’.

पीक निसवायला आलं तेव्हा परदेशी पाहुणे प्लॉट बघायला आले. संकरित ज्वारी छातीएवढी, कणसं बाहेर पडलेली. आणि तिच्यामधून जागोजागी डोक्याच्या वर गेलेली गावरान ताटं, कणसाचा पत्ता नाही. एका पाहुण्यानं दुभाष्याकरवी विचारलं, हे मिश्र पीक आहे का? मी म्हणालो, हो. त्यांनीही लिहून घेतलं.

ते गेल्यावर बांधावरच्या खुरपणीच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नांग्या त्यांनीच भरल्या होत्या. मालकानं सांगितलं, साहेबाचा प्लॉट आहे, मोकळा दिसू नये. पिशवीतलं बियाणं संपलेलं, मग त्यांनी घरची ज्वारी आणून टोबली. मी त्या शेतात पाच वेळा गेलो होतो आणि पाचही वेळा मालकाशी बोलून परत आलो होतो. उगवणीचा खरा आकडा खुरपं धरणाऱ्या हातांकडे होता.

तर दुसरं सांगणं असं की शेतात गेलीस की आधी वाकलेल्या माणसाशी बोलायचं, उभ्या असलेल्याशी नंतर. आणि बोलताना आपणही बसायचं. हातात खुरपं असलं तर उत्तम, नुसती वही असली की समोरचा माणूस वहीत शोभेल असंच बोलतो. रॉबर्ट चेंबर्स यांचं १९८३ चं पुस्तक तुला वाचायला लावतील. बाहेरून आलेला माणूस डांबरी सडकेच्या कडेचं गाव बघतो, तेही पाऊस संपल्यावर, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं, फक्त आमची जीपही त्याच सडकेनं जात होती! तुला प्रबंधासाठी इथिओपियात पाठवोत की बीडला, गाडी गावाबाहेर उभी कर आणि चालत आत जा. दुभाषा घेताना तो सरपंचाचा भाचा नाही ना, याची चौकशी दुसऱ्याच कोणाकडे तरी कर. बायकांशी बोलायला बाईच दुभाषी हवी.

मापांचं तुला किरकोळ वाटेल. नाही. आपले चाळीस गुंठे म्हणजे एकर, आणि हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, एवढं तुला झोपेत येतं. पण अमेरिकेचा अहवाल उघडलास की बुशेल येईल, आणि बुशेल पिकागणिक वेगळा. मक्याचा सुमारे २५.४ किलोचा, गव्हाचा २७.२. हसू नकोस, आपली पायली तरी सगळीकडे कुठे सारखी भरते? म्हणून शेतकऱ्यानं ‘चार पोती’ म्हटलं की पोतं कोणतं, ते विचार, जमलं तर उचलून बघ. आणि इथले शब्द तिकडच्यांना समजावून सांगता येतील असे आधीच घोटून ठेव. पैसेवारी म्हणजे काय, ५० पैशांच्या खाली गेली की गावाच्या दृष्टीनं काय बदलतं, सातबारावर बाईचं नाव नसलं तर तिला पीककर्ज मिळवताना काय आडवं येतं, हे इंग्रजीत पाच वाक्यांत सांगून बघ. मला ऐकव. मला समजलं तर हॉलंडच्या पोरांना समजेल.

अजून तीन महिने तू मुंबईत, कांजूरला आहेस, ते मोबाइलवर घालवू नकोस. तुला वाटतं इथे शेती कुठे आहे. आपण पूर्वेला राहतो, हायवेपलीकडे मिठागरं आहेत आणि डम्पिंग ग्राउंड आहे. रात्री वारा फिरला की सोसायटीतल्या खिडक्या धडाधड लागतात. त्या वासात मेथीच्या काड्या आहेत बाई. एक जुडी घे आणि तिचा उलटा प्रवास कर. स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीला विचार, ती माल कुठून उचलते. ती सांगेल त्या बाजारात पहाटे जा, तिथून वाशीला घाऊक बाजारात जा, गाडीवाल्याला विचार गाव कोणतं, आणि एक दिवस एसटीनं त्या गावी. शेतात जुडीला काय मिळालं, हमाली, तोलाई, भाडं किती गेलं, वाटेत किती पिवळी पडून फेकली, संध्याकाळी उरलेली कितीला गेली. आठ दिवस रोजचा भाव लिही. मूल्यसाखळी नावाचा पेपर तुला दुसऱ्या सत्रात असेल. तू तो पेपर या भाजीवालीच्या जिवावर काढशील. मात्र तिच्या गिऱ्हाइकाच्या वेळेत प्रश्न विचारत बसू नकोस, दुपारी दोनच्या सुमाराला जा, आणि जाताना भाजी विकत घे, घासाघीस न करता.

आणि शेअर रिक्षाच्या अंतरावर पवई आहे. आयआयटीत ‘सितारा’ म्हणून केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारं, १९८५ सालापासून. तिथली मुलं गावात राहून काम करतात, पाणी, चूल, शेतमाल प्रक्रिया असल्या विषयांवर. त्यांचे प्रबंध मिळाले तर चाळ. परदेशी विद्यापीठाला जे ‘क्षेत्रकार्य’ वाटतं ते आपल्या दारात कसं चालतं, हे बघून गेलेली बरी. शिवाय तिथे कोणाशी ओळख झाली तर दोन वर्षांनी परत आल्यावर कामाची पहिली चिठ्ठी तिथूनही निघू शकते. ओळखी जाण्याआधी करायच्या असतात. आल्यावर केलेल्या ओळखीला नोकरीचा वास येतो.

परवा तू विचारलंस, आपल्यातलं कोणी असं शिकायला गेलं होतं का. गेलं होतं, आणि कसं! पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. इंग्रजांविरुद्ध लढायला शस्त्रविद्या शिकायची म्हणून देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि गदर पक्षात वावरले. पुढे मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गव्हावर त्यांनी काम केलं, आणि शेतमजुरांच्या पोरांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चित्र काढलंय, त्यात मेजाच्या मधोमध बसून भाकरी वाटणारा माणूस आहे, ते खानखोजे. मग साठच्या दशकात त्याच मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचं बियाणं आपल्याकडे आलं, १९६६ साली अठरा हजार टन. तेव्हा नागपुरात हा म्हातारा हयात होता. १९६७ मध्ये गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या बुटक्या गव्हाचे बोरलॉग येतात, ते यायलाच हवेत. खानखोज्यांना दोन ओळीही मिळत नाहीत, याचा मला राग आहे.

त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच की ते तिकडची भाषा शिकले. स्पॅनिशमध्ये शिकवलं, म्हणून मजुरांची पोरं शाळेत बसली. तुझा प्रबंध केनियात झाला तर स्वाहिली शंभर शब्द तरी शिकून घे. त्यातले पन्नास शिव्या नकोत.

कागदपत्रांचं झटपट सांगतो, कारण तुझी आई रोज सांगतेच. दहावीचं गुणपत्रक, आधार आणि पासपोर्ट, तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आजच बघ. विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या सीलबंद प्रती मागशील तर जास्तीच्या माग, पुन्हा त्या खिडकीपुढे उभं राहणं नको. हॉलंडचा निवासाचा अर्ज विद्यापीठच लावतं, पण राहण्याच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते, त्याची जुळणी बाबाशी बसून कर. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून आहे, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फुकटची नाही. शिष्यवृत्ती या शब्दावर भाळण्याआधी परतफेडीचा कागद वाच. इरॅस्मस शिष्यवृत्तीचा अर्ज पुढच्या वर्षासाठी करायचा असेल तर हिवाळ्यात मुदत संपते, दिवाळीतच तयारीला लाग. इंग्लंडात हाच अभ्यास वर्षात उरकतो आणि तुझा दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा. बाबा म्हणतो, वर्षात झालं असतं तर पैसे वाचले असते. मी म्हणतो, एका वर्षात एकच हंगाम बघायला मिळतो आणि तोही पडला तर? दोनच बरी. माझ्या पेन्शनमधून थोडं निघेल, ते आपण दोघं बघू, त्याला सांगू नकोस.

अर्जातल्या त्या ‘उद्देशपत्रा’त तू लिहिलंस की तुला भारतीय शेतकऱ्याचं जीवन बदलायचं आहे. प्रवेश मिळाला, ठीक. शिष्यवृत्तीच्या अर्जात हे वाक्य पुन्हा टाकू नकोस. त्याऐवजी नांग्या भरणाऱ्या बायकांची गोष्ट तुझ्या गावाच्या पात्रांसह लिहिता आली तर लिही, आणि तुला त्यातलं नेमकं काय मोजायला शिकायचंय ते लिही. माझी गोष्ट चोरू नकोस, तुझी शोधून आण. जुलै त्यासाठीच आहे.

सामानात गोधडी ने, तिकडची पांघरुणं हलकी असतात असं ऐकतो. बियाणं, माती, आंबे असलं काही नेऊ नकोस, रोपरोग तपासणीवाले काढून घेतात आणि त्यांचं बरोबर आहे, आपल्या मातीतली बुरशी त्यांच्या बटाट्याला कशाला? माझी तीस मीटरची फीत घेऊन जा. तिचे पहिले सात सेंटिमीटर तुटलेत, शून्य आठवणीनं सातपासून धर.

आणि हे खुरपं. तुझ्या आजीचं आहे, मूठ मी नवी बसवली. हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतील. मोठ्या बॅगेत, गोधडीत गुंडाळून.