वर्दीचा मान आणि एक इंजिनिअर



'वर्दी' हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? २६ जानेवारीचं संचलन, छातीवरची पदकं, कडक इस्त्री, नाहीतर सिनेमातला एखादा हिरो. पण वर्दीला मान मिळतो तो नेमका कशामुळे? हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसलो आणि मला एक असा सैनिक भेटला, जो आपल्याच जातकुळीतला होता. म्हणजे इंजिनिअर!

तसं पाहिलं तर वाळूजमध्ये राहणाऱ्यांना गणवेश नवा नाही. पहाटे पहिल्या पाळीला निघालेले कामगार आपण रोज बघतो. आपलाही वर्कशॉपचा ड्रेस आहेच, तो घालायचा म्हटलं की निम्म्या वर्गाच्या कपाळाला आठ्या! शहरात जाताना नगर नाक्याजवळ छावणी लागते, तिथं बसच्या खिडकीतून जवान दिसतात. आपण क्षणभर बघतो आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतो.

सॅपर म्हणजे कोण?

लष्करातल्या इंजिनिअर दलाच्या जवानांना 'सॅपर' म्हणतात. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग पेरणं आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणं ही त्यांची कामं. 'सर्वत्र' हे या दलाचं ब्रीद. 'बॉम्बे सॅपर्स'चं केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे, आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय तिथून जवळच दापोडीला.

या बॉम्बे सॅपर्समध्ये १९४० साली कारवारजवळच्या चेंडिये गावचा एक तरुण भरती झाला. नाव रामा राघोबा राणे, जन्म २६ जून १९१८. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला. डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. अधिकारी होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच त्याची परीक्षा आली.

चार दिवसांचं टाइमशीट

एप्रिल १९४८. जम्मू-काश्मीरमध्ये आपलं सैन्य नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालं होतं. राजौरीतल्या लोकांना सोडवायचं तर रणगाडे पोचायला हवेत, आणि रणगाड्यांना रस्ता हवा. शत्रूने तोच अडवला होता. सुरुंग पेरले होते, पाइनची झाडं आडवी टाकली होती, मोऱ्या उडवल्या होत्या. रस्ता मोकळा करायची जबाबदारी राणेंच्या तुकडीवर होती.

८ एप्रिल : काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी तुकडी पुन्हा जुळवली आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी आपल्या ताब्यात आली. रात्री दहापर्यंत ते गोळीबारात रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करत होते.

९ एप्रिल : सकाळी ६ ला सुरुवात. दुपारी ३ वाजता वळणरस्ता तयार. पुढे अर्ध्या मैलावर झाडांचा अडथळा, तो सुरुंगाने उडवला. ३०० यार्डांवर दुसरा. मग फुटकी मोरी. सव्वासहाला अंधारताना पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. राणे सुरुंग काढायला लागलेही होते, पण तुकडीप्रमुखाने रात्रीपुरता ताफा थांबवला.

१० एप्रिल : पहाटे पावणेपाचला तोच अडथळा पुन्हा हातात घेतला. साडेसहाला मोकळा. पुढचे हजार यार्ड अडथळेच अडथळे, तेही साडेदहापर्यंत साफ. दुपारी २ वाजता रणगाडे चिंगसला पोचले. आता थांबायला हरकत नव्हती ना? पण मागून रसद यायची होती. अन्न नाही, विश्रांती नाही, तरी रात्री ९ पर्यंत काम चालू राहिलं.

११ एप्रिल : सकाळी ६ ला पुन्हा हजर. ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. त्यानंतर रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता.

दुसऱ्याच दिवशी, १२ एप्रिलला, राजौरी मुक्त झाली. आपल्या एमआयडीसीच्या भाषेत सांगायचं तर शेवटचे दोन दिवस या माणसाने रोज सलग दोन पाळ्या केल्या, त्याही जखमी अंगाने आणि गोळीबारात. त्यांना परमवीर चक्र मिळालं. हा सन्मान हयातीत मिळवणारे ते पहिले. १९६८ साली मेजर म्हणून ते निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं.

यातून आपण काय शिकायचं?

१) शौर्य म्हणजे एका क्षणाचा आवेश नव्हे. ते चार दिवस पुरलं पाहिजे. सुरुंग काढायला राग उपयोगाचा नसतो. शांत डोकं, स्थिर हात आणि चिकाटी लागते. म्हणजे चांगल्या इंजिनिअरला जे लागतं तेच.

२) काम 'माझ्यापुरतं' संपत नाही. रणगाडे पुढे गेल्यावरही राणे मागच्यांसाठी रस्ता करत राहिले. आपण प्रोजेक्ट सबमिट झाला की मोकळे होतो. आपल्या मागून येणाऱ्यांना त्याचा काही उपयोग आहे का, हे कितीजण बघतो?

३) त्याग एकट्या सैनिकाचा नसतो. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन मुलांची आई असताना चेन्नईच्या अकादमीत खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः लेफ्टनंट झाल्या. नवऱ्याच्या वर्दीचा मान राखायचा याहून मोठा मार्ग कोणता असेल?

आणि आपण?

मागच्या सेमिस्टरला आम्ही औद्योगिक भेटीसाठी एका कारखान्यात गेलो होतो. गेटवर पांढऱ्या मिशांचे एक काका होते. ग्रुपमधल्या एकाने हाक मारली, "ए वॉचमन, गेट उघड!" काका शांतपणे म्हणाले, "आधी रजिस्टरमध्ये नावं लिहा." बाहेर पडताना मी त्यांच्याशी बोललो तेव्हा कळलं, त्यांनी लष्करात चोवीस वर्षं काढली होती. शहीद जवानाच्या फोटोला हार घालणारे आपण, जिवंत सैनिकाशी कसं बोलतो बघा!

तेव्हा मला वाटतं, आदर इथून सुरू करावा. गेटवरच्या काकांना 'काका, नमस्कार' म्हणावं. गॅदरिंगच्या नाटकात लष्करी वेश घातला तर त्यात थिल्लरपणा करू नये. बाहेर सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेश करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हाच आहे.

आणि कुणाच्या मनात खरोखर ओढ असेल, तर बी.ई. झाल्यावर सीडीएस आहे, टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आहे. बारावीआधीच तयारी करणाऱ्यांसाठी तर १९७७ पासून आपल्याच शहरात सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. ज्यांना जायचं नाही त्यांनीही वाईट वाटून घेऊ नये. आपण बांधलेला पूल टिकावा, आपण तपासलेला ब्रेक ऐनवेळी लागावा, एवढं जरी आपल्या हातून झालं तरी पुष्कळ. उद्या सकाळी वर्कशॉपचा ड्रेस घालताना आठ्या घालण्याआधी त्या चार दिवसांचं टाइमशीट एकदा आठवून बघा.

जय हिंद!