तिसरा ड्रॉप घेण्याआधी एकदा वीटभट्टीवर जाऊन या

नीटचा निकाल लागला की अमरावती-अकोल्यातून येणारे प्रश्न दरवर्षी तेच असतात. ‘सर, ४३० आलेत, ड्रॉप घ्यायचा का?’ ‘बीएएमएसला नंबर लागतोय, पण आम्हाला एमबीबीएसच पाहिजे.’ ‘एक डाव अजून बसू द्या त्याले, पाहिजे तर वावर काढू.’ फोन आई नाहीतर वडील करतात. ज्याच्या आयुष्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो मुलगा किंवा ती मुलगी शेजारी गप्प बसलेली असते.

या वर्षी आडपडदा न ठेवता सांगतो. तिसरा ड्रॉप घेऊ नका. दुसराही फक्त त्यानेच घ्यावा, ज्याला स्वतःला तो हवा आहे आणि ज्याचे गुण सरकारी जागेच्या अगदी उंबरठ्यावर अडलेत. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलं नीटला बसली. १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत आणि सरकारी जागा त्याच्या साधारण निम्म्या. पात्र होणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे, हे दर जूनमध्ये नव्याने समजावून सांगावं लागतं, कारण ‘क्वालिफाय झाला’ या शब्दांवर पेढे वाटून झालेले असतात. उरलेली मुलं आळशी नव्हती की मठ्ठ नव्हती. जागाच तेवढ्या आहेत.

आणि वावराचं. मुलाच्या नावावर कर्ज आणि बापाच्या नावावरची जमीन गेलेली, अशा घरात परत येणाऱ्या मुलाला आपण काय सांगणार आहोत? अकोल्याच्या तोष्णीवाल लेआउटच्या खोलीत तीन वर्षं काढलेल्या मुलाला अपयशाहून जास्त भीती वाटते ती घरच्यांचे पैसे वाया गेल्याची. ही भीती तुम्ही त्याच्या अंगावर घातली आहे. प्रेमाने घातली असेल, तरी तिचं ओझं कमी होत नाही.

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, लॅब टेक्नॉलॉजी, पंजाबराव कृषी विद्यापीठातली बीएस्सी अ‍ॅग्री हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांची माहिती कोणत्याही क्लासच्या पत्रकावर मिळेल, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. मला एका अशा कामाबद्दल सांगायचं आहे, ज्याचं नावसुद्धा आपल्याकडच्या समुपदेशनात निघत नाही. ज्या मुलांना ‘लोकांची सेवा करायची म्हणून डॉक्टर व्हायचंय’ असं खरोखर मनापासून वाटतं, त्यांनी हे नीट वाचावं.

दिवाळीनंतर मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याची गावं रिकामी होऊ लागतात. कोरकू कुटुंबं लेकराबाळांसह जगायला बाहेर पडतात. कोणी हरभरा सोंगायला, कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर. होळीला परततात. या मधल्या काळात लेकरू आजारी पडलं तर? गावच्या अंगणवाडीच्या वहीत त्याचं नाव आहे, पण ते गावात नाही. जिथे ते आहे तिथल्या वहीत त्याचं नाव नाही. आशाताई ओळखीची नाही, भाषा वेगळी, दवाखाना किती दूर ते माहीत नाही. बापाने लेकराला घेऊन अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात जायचं ठरवलं तर त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तर फेडायची आहेच. मग तो एक दिवस थांबतो, दोन दिवस थांबतो. मेळघाटातलं कुपोषण १९९३ पासून वर्तमानपत्रांत गाजतंय. पण बाहेर गेलेल्या चार-पाच महिन्यांत त्या लेकरांचं काय होतं, हे मोजणारी माणसं फार थोडी आहेत.

ते मोजणं हे काम आहे. पगार मिळणारं, शिकून येणारं, विद्यापीठात शिकवलं जाणारं काम. उत्पन्न आणि विमा यांचा स्थलांतरितांच्या उपचारांवर काय परिणाम होतो, हा जगभर अभ्यासला जाणारा विषय आहे आणि वऱ्हाडात तो दारात उभा आहे.

सरकारी योजनेचंच बघा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं. पिवळं आणि केशरी कार्ड तर चालायचंच, शिवाय शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर तिचा लाभ मिळाला. अमरावती, अकोला त्यात आहेत. २०२३ मध्ये ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू करण्याचा आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय झाला. कागदावर जवळजवळ प्रत्येक जण विमाधारक.

आता अकोल्याच्या डाळमिलमध्ये पोती उचलणारा मध्य प्रदेशातला मजूर घ्या. त्याचं रेशनकार्ड तिकडचं. आयुष्मान कार्ड देशभर चालतं, पण यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून बनली आणि तिच्यात नाव नसेल तर? ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू व्हायला आस्थापनात दहा कामगार हवेत आणि पगारपत्रकावर नाव हवं. ठेकेदाराच्या माणसाचं नाव कुठल्याच पत्रकावर नसतं. बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देणार कोण? शिवाय फुले योजना आणि आयुष्मान या मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ताप, खोकला, अंगदुखी, शुगरच्या रोजच्या गोळ्या हा खर्च खिशातूनच जातो. आणि बुडालेली मजुरी यांतलं कोणतंच कार्ड भरून देत नाही.

हे सगळं मला दिसतं, तुम्हालाही दिसतं. पण ‘दिसतं’ यावर सरकार धोरण बदलत नाही. किती जण, कोणत्या कारणाने, किती दिवस उशिरा आले आणि त्यात किती पैसे गेले, हे कोणीतरी शिस्तीने विचारून लिहावं लागतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल कुजबुज वर्षानुवर्षं होती. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढल्याचं समोर आलं. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, म्हणून दुखणंच मुळासकट काढून टाकायचं, ही त्यामागची एक मोठी गोष्ट होती. आकडा हातात आल्यावर कोणाला ‘अफवा आहे’ म्हणता आलं नाही.

हे काम सोपं नाही, आणि गणिताची भीती असलेल्याने यात येऊ नये. भट्टीवर जाऊन ‘तुमचा विमा आहे का?’ असं विचारलं तर ज्याच्या खिशात आयुष्मान कार्ड आहे तोही ‘नाही’ म्हणतो. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो: मागच्या वेळी घरात कोण आजारी होतं, कुठे नेलं, तिथे कोणतं कार्ड दाखवलं, पैसे कोणाकडून आणले, किती दिवस कामावर गेला नाहीत? उत्तर मिळवायला संध्याकाळी काम सुटल्यावर जावं लागतं, दुपारी गेलात तर त्याची मजुरी तुम्हीच बुडवता. पुढचा पेच आणखी अवघड. विमा असलेले आणि नसलेले यांची नुसती तुलना केली तर फसगत होते, कारण आजारी माणूसच धडपडून कार्ड काढतो. मग ‘विमा असलेले जास्त आजारी’ असा उफराटा निष्कर्ष निघतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २००८ मध्ये गरिबांच्या मेडिकेड विम्याच्या थोड्या जागांसाठी सोडत काढली, सुमारे ९० हजार लोकांनी नावं दिली आणि अभ्यासकांना चिठ्ठीने विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची खरी तुलना करता आली. विमा मिळालेल्यांचं नैराश्य कमी झालं, दवाखान्याच्या कर्जाचा ताण हलका झाला. रक्तदाबात मात्र ठळक फरक दिसला नाही. असं कोडं सोडवण्यात ज्याला रात्र कमी पडते, तो मुलगा या विषयाचा आहे.

हे फक्त मजुरांपुरतं आहे असंही समजू नका. ज्यांची मुलं न्यू जर्सीत आहेत ते पालक मला सांगतात की तिकडे जाताना बीपी-शुगरच्या गोळ्या सहा महिन्यांच्या बांधून न्याव्या लागतात, कारण प्रवासी विमा जुन्या आजाराला सहसा हात लावत नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेक प्रौढांना तिथे १९९६ च्या कायद्याने पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही, आणि मुलाकडे कायमचे गेलेले ६५ वर्षांचे आईवडीलही पाच वर्षं राहिल्याशिवाय ज्येष्ठांसाठीचा मेडिकेअर विमा विकत घेऊ शकत नाहीत. धारणीचा मजूर आणि अमरावतीच्या राजापेठेतले निवृत्त मास्तर, दोघांनाही घर सोडल्यावर एकच प्रश्न भेटतो.

दुखण्यामागची पैशाची आणि निवाऱ्याची अडचण ओळखणारी नजर आपल्या मातीत होतीच. मुंबईत गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारल्या. दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे गरीब रुग्ण आणि त्यांचे सोबती राहतात. उपचार फुकट झाले तरी महिनाभर राहायचं कुठे आणि खायचं काय, यावर गरीब माणसाचं दुखणं अडतं, हे त्या माणसाने पदवीशिवाय ओळखलं. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र तिन्ही शिकवले जातात आणि तिन्ही या कामाला लागतात.

आता रस्ता. बारावीनंतर संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवी करा. अमरावतीचं विदर्भ महाविद्यालय, १९२३ पासूनचं, आजच्या नावाने शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, विनाकारण दुय्यम समजलं जातं. पदवीनंतर मुंबईत देवनारला दोन दरवाजे आहेत. एक टाटा समाजविज्ञान संस्था, तिथे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी म्हणजे एमपीएच आहे. दुसरा १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, जी देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात एमपीएच आहे. बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग झालेल्यांनाही एमपीएचला प्रवेश मिळतो, आणि ‘एमबीबीएस हुकलं’ म्हणून खिन्न बसलेल्या वैद्य मुलामुलींना मी हे दरवर्षी सांगतो. डॉ. अभय आणि राणी बंग दोघेही आधी डॉक्टर होते, मग जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि गडचिरोलीत परतले. नवजात बालकांवर घरी उपचार करण्याचं त्यांचं काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, तेव्हा खेड्यातून केलेल्या संशोधनाकडे जगाने पाहिलं.

नोकरीचं खरं सांगतो, कारण लग्नाच्या बाजारात ‘मुलगा काय करतो’ याचं उत्तर देताना तुमची अडचण होणार आहे. सुरुवात बहुधा कंत्राटी असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात, एखाद्या संशोधन प्रकल्पात, स्वयंसेवी संस्थेत किंवा सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीत. पगार डॉक्टरसारखा नसतो. फिरावं लागतं. पीएचडी केली तर विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचे दरवाजे उघडतात, पण त्याला वर्षं लागतात. ज्या घराला दोन वर्षांत कर्ज फेडायचंच आहे, त्यांनी नर्सिंग किंवा फार्मसी घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही.

बाकीच्यांनी उन्हाळ्यात एक काम करा. पालकांनी मध्ये पडू नये. आपल्या वस्तीजवळच्या भट्टीवर, बांधकामावर किंवा डाळमिलबाहेर पंचवीस-तीस कुटुंबांना भेटा आणि वर लिहिलेले प्रश्न विचारा. नावं लिहू नका, फोटो काढू नका, कोणी नाही म्हटलं तर पुढे चला. आजारी लेकरू दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि त्याला दवाखान्यात पोचवायला मदत करा. आठ दिवसांत कंटाळा आला तर हा रस्ता तुमचा नाही, एवढं फुकटात कळलं. आणि वही भरल्यावरही प्रश्न संपत नसतील तर ती घेऊन माझ्याकडे या. सोबत आईवडिलांनाही आणा, पण बोलणार तुम्ही.