नवतपा आणि गाडीची बॅटरी : बिघडते उन्हात, कळते पावसात



२५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. ऊर्जानगर, दुर्गापूर, भद्रावती भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो. या दिवसांत जनावरांना आपण सावलीत बांधतो, पण ट्रॅक्टर, पिकअप आणि कार उन्हातच उभी असते. मग मृगाचा पाऊस येतो, पेरणीची घाई होते आणि सेल्फ मारला की नुसता कटकट आवाज. आपण म्हणतो, पावसाने बॅटरी गेली. बहुतेक वेळा ती मे महिन्यातच कमजोर झालेली असते.

*असं का होतं?*
बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि आम्ल मिसळलेलं पाणी असतं. उष्णतेने आतली क्रिया जोरात चालते. ढोबळ हिशोब असा, की बॅटरी कायम १० अंश जास्त तापली तर तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग पुन्हा नीट चार्ज घेत नाही. उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, म्हणून कमजोर बॅटरीवरही गाडी सुरू होते आणि दुखणं झाकलं जातं. पावसात हवा गार होते, लाइट-वायपरचा लोड वाढतो, तेव्हा ते उघडं पडतं.

*आत्ताच हे करा*

१) दर १५ दिवसांनी सकाळी, इंजिन थंड असताना पाण्याची पातळी बघा. ती बॅटरीवरच्या दोन रेषांच्या मध्ये हवी. काठोकाठ भरू नका.

२) फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचं, नळाचं, फिल्टरचं पाणी नको. आम्लही टाकू नका. आटतं ते पाणी, आम्ल आतच राहतं.

३) एकाच खान्याचं पाणी वारंवार आटत असेल तर तो सेल खराब होतोय. सगळ्याच खान्यांचं भराभर आटत असेल तर चार्जिंग जास्त होतंय, ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

४) आपल्याकडे राख आणि कोळशाची धूळ फार. बॅटरीवर ती ओलसर थरासारखी बसली की करंट हळूहळू गळतो. ओल्या फडक्याने पुसा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा आणि कोमट पाण्याने धुवा, मात्र बुचं घट्ट लावलेली असू द्या. कोरडं करून व्हॅसलिन लावा.

५) गाडी उभी असली तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. महिनाभर लागणारच नसेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

६) गाडी झाडाखाली किंवा मांडवात लावा.

*व्होल्ट मोजा*
१२ व्होल्टच्या बॅटरीला रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर चार्ज पूर्ण. १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंग करून घ्या. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. मेंटेनन्स फ्री बॅटरीत पाणी टाकता येत नाही, तिची तपासणी अशीच करा. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर पेरणीआधी दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

*सावधान!*
चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, ठिणगी पडली की स्फोट होतो. जवळ बिडी, काडी नको. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. आम्ल डोळ्यांत गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा.

जुनी बॅटरी फोडू नका, पाणी बांधावर किंवा नाल्यात ओतू नका. त्यातलं शिसं मातीत राहतं, लेकरांना आणि जनावरांना बाधतं. नवी घेताना जुनी दुकानात द्या, तिची किंमत वजा करून मिळते.

राजेहो, डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली आज घ्या. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर ढकलायची पाळी येणार नाही.

हा संदेश आपल्या गटातल्या ट्रॅक्टर-पिकअपवाल्यांना जरूर पाठवा.