काळा पट्टा : शेवट की आरंभ?

(तृतीय वर्ष कला, इतिहास विभाग)

माझ्या ट्रंकेत एक काळा पट्टा आहे. तो मला दहावीच्या सुट्टीत मिळाला. मी आठवीत असताना आमच्या तालुक्याच्या गावी कराटेचा क्लास निघाला आणि आईने मला त्यात घातले, ते हौसेपेक्षा काळजीपोटी. शिकवणीहून शेवटच्या एस.टी.ने घरी येणाऱ्या मुलीला स्वतःचे रक्षण करता यावे, एवढीच तिची इच्छा होती. आठवड्यातून दोन दिवस, तासभर क्लास. दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी आणि नवा रंग. पांढऱ्यानंतर पिवळा, मग नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. परीक्षेत कोणी नापास झाल्याचे मला आठवत नाही. अडीच वर्षांत काळा पट्टा माझ्या कमरेला आला. बाबांनी पेढे वाटले. आई म्हणाली, "आता मला घोर नाही."

अकरावीला या महाविद्यालयात आले आणि जिमखान्याच्या वर्गात मोठ्या ऐटीत पट्टा बांधून उभी राहिले. सर पट्ट्याकडे पाहून काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्यासमोर एक नवी मुलगी उभी केली. तिचा पट्टा पांढरा. पण गावाकडे दोन वर्षे तिने तालमीची माती अंगाला लावलेली. मी पवित्रा घेतला, हात उगारला, आणि काय झाले ते कळण्याआधी मॅटवर पाठीवर पडले. तिने पट काढला होता. पुन्हा उभी राहिले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदाही तेच. धड पडावे कसे, हेही मला कोणी शिकवलेले नव्हते.

वर्ग संपल्यावर सरांनी मला बाजूला बोलावले. "पट्टा काढून ठेव असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "एवढंच विचारतो, तुला काय येत नाही हे आईला सांगितलंयस का?"

या प्रश्नाने मी चिडले, हे कबूल केले पाहिजे. पण इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे राग ग्रंथालयात काढायचे ठरवले. काळा पट्टा किती वर्षांत मिळावा, हे मुळात ठरवले कोणी? जुन्या जपानी गुरूंनी शिष्यांना दहा-दहा वर्षे तिष्ठत ठेवले असणार आणि आजकालच्या क्लासवाल्यांनीच सारे स्वस्त केले असणार, असा माझा समज होता. प्रत्यक्षात सापडले ते निराळेच.

पहिली गोष्ट म्हणजे काळा पट्टा फार प्राचीन नाही. जपानातील जुन्या युद्धविद्यांच्या घराण्यांत शिष्याला टप्प्याटप्प्याने परवाने आणि गुंडाळ्या दिल्या जात. एका परवान्यापासून दुसऱ्यापर्यंत कित्येक वर्षे जात. जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ साली टोकियोत 'कोदोकान' ही संस्था स्थापून ज्यूदोचे शिक्षण सुरू केले. कानो हे केवळ मल्ल नव्हते, तर शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. दोन टप्प्यांतले अंतर फार लांबले की विद्यार्थ्याचा उत्साह मावळतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी पायऱ्या वाढवल्या. पायरीसाठीचा शब्द त्यांनी योजला तो 'दान'. 'गो' या पटावरच्या खेळात खेळाडूंचा दर्जा 'दान'ने मोजण्याची पद्धत जपानात सतराव्या शतकापासून चालत आली होती. (आपल्याकडचे 'दान' देता येते आणि सोंगट्यांच्या पटावर पडतेही. जपानी दान मात्र चढावे लागते. काही क्लासांतून ते आपल्या अर्थाने वाटले जाते, ही गोष्ट वेगळी!)

१८८३ साली कानो यांनी शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना पहिला दान दिला. म्हणजे कोदोकान स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते. या दोघांचे काही शिक्षण आधी झालेले होते हे खरे, तरी दहा वर्षांची तपश्चर्या वगैरे येथे दिसत नाही. दान मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधावा, ही प्रथा त्यानंतर, १८८६ च्या सुमारास पडली. पांढरा पट्टा वर्षानुवर्षे न धुता वापरला की मळून आपोआप काळा होतो, ही कथा आमच्या क्लासमध्येही सांगितली जाई. कथा गोड आहे, पण इतिहासाचा तिला आधार नाही.

कराटेचेही तसेच. ओकिनावा बेटाचे गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) १९२२ साली टोकियोला आले. तेथे त्यांनी कानोंचीच पद्धत उचलली आणि १९२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या शिष्यांना प्रथमच दान दिले. टोकियोत शिकवायला लागून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

हे वाचून मी मनातून सुखावले. म्हणजे अडीच वर्षांत काळा पट्टा मिळवणारी मी परंपरेत अगदी चोख बसत होते! पण मग मी तीनदा पाठीवर का पडले? याचे उत्तर शब्दाच्या अर्थात सापडले. पहिल्या दानाला जपानीत 'शोदान' म्हणतात. 'शो' म्हणजे आरंभ. शोदान म्हणजे आरंभीची पायरी. ज्याला पाया कळला, ज्याला आता खरे शिकवायला सुरुवात करता येईल, असा विद्यार्थी. त्याच्या पुढे दहाव्या दानापर्यंत वाट आहे आणि कोदोकानच्या साऱ्या इतिहासात ती शेवटपर्यंत चढलेले फक्त १५ जण आहेत.

आपल्याकडे याला जवळचे उदाहरण गाण्यातले आहे. उस्ताद शिष्याला गंडा बांधतो तो गाणे पुरे शिकून झाल्यावर नव्हे. गंडा बांधला म्हणजे शिष्य म्हणून स्वीकारले, आता तालीम सुरू. मनगटाला गंडा बांधून कोणी थेट मैफलीचे आमंत्रण मागायला गेला, तर लोक हसतील. पहिला काळा पट्टा हा बराचसा असा गंडा आहे. आपण मात्र त्याला पदवी समजून बसलो.

ही गफलत कशी झाली असावी? रंगीत पट्ट्यांची शिडी युरोपात रुजली ती मुख्यतः मिकिनोसुके कावाइशी यांच्यामुळे. ते १९३५ साली पॅरिसला आले आणि पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी असा क्रम तेथे त्यांच्या पद्धतीमुळे प्रचारात आला. प्रगती डोळ्यांना दिसली की विद्यार्थी टिकतो, हा त्यातला हेतू. हेतू चांगलाच होता, पण शिडीच्या टोकाशी काळा रंग असल्यामुळे तो शिखरासारखा दिसू लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावात तळावर असलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी काहीजण एक-दीड वर्षाच्या नेमणुकीत शोदान मिळवून मायदेशी गेले आणि तेथे त्यांनी वर्ग काढले. गुरूने आरंभ म्हणून दिलेला पट्टा समुद्रापलीकडे गेल्यावर गुरुपदाची खूण ठरला. चित्रपटांनी उरलेले काम केले. पट्टा तोच राहिला, त्याचा अर्थ मात्र फुगला.

येथे ब्राझीलच्या जुजुत्सूचे उदाहरण उलट दिशेने पाहण्यासारखे आहे. त्या विद्येत काळा पट्टा मिळायला साधारण दहा वर्षे लागतात आणि तिच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे १९ वर्षांखालील कोणाला तो मिळतच नाही. कोदोकानमध्ये मात्र चौदाव्या वर्षीही पहिला दान मिळू शकतो. मग खरे कोण? माझ्या मते दोघेही. एकाने पट्ट्याला 'आरंभ' म्हटले आणि लवकर दिला, दुसऱ्याने 'प्रावीण्य' म्हटले आणि उशिरा दिला. दोन्ही व्यवहार सचोटीचे आहेत. लबाडी होते ती पट्टा आरंभासारखा लवकर देऊन प्रावीण्य म्हणून विकला जातो तेव्हा. माझ्या आईला नेमके हेच विकले गेले होते.

वर्षांच्या हिशेबातही एक फसगत आहे. माझी अडीच वर्षे तासांत मोजू. आठवड्याला दोन तास. सणवार, परीक्षा, आजारपण वजा जाता वर्षाचे ४५ आठवडे धरले तर ९० तास. अडीच वर्षांचे झाले २२५. जो विद्यार्थी आठवड्यातले सहा दिवस रोज दोन तास सराव करतो, त्याचे आठवड्याला १२ तास होतात. तो माझे २२५ तास पाच महिन्यांच्या आतच पुरे करील. तेव्हा "किती वर्षांत?" असे नुसते विचारण्यात अर्थ नाही. किती तास, कोणासमोर आणि किती प्रतिकाराविरुद्ध, हे विचारायला हवे.

प्रतिकाराचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ज्यूदो किंवा कुस्ती यांत समोरचा रोज तुम्हाला पाडायचा खराखुरा प्रयत्न करतो. तेथे खोटी प्रतिष्ठा फार दिवस टिकत नाही. तालमीत पट्टे नसतात, कारण तेथे त्यांची गरजच पडत नाही; कोण किती पाण्यात आहे हे माती सांगते. मी मात्र अडीच वर्षे हवेत ठोसे मारले होते आणि ठराविक हालचालींचा क्रम पाठ केला होता. कवायत म्हणून ती चांगली होती. पाठांतरालाही मोल आहे. पण कवितेचे पाठांतर म्हणजे काव्याची समज नव्हे, हे कला शाखेच्या विद्यार्थ्यांना मी सांगायला नको.

उशीर म्हणजेच गुणवत्ता, असेही मात्र समजू नये. कानोंच्या गुरूंची नात केइको फुकुदा (१९१३–२०१३) हिचे उदाहरण मला विसरता येत नाही. १९३५ साली ती कोदोकानच्या स्त्रियांच्या विभागात शिकू लागली आणि पुढे आयुष्यभर तिने तेच शिकवले. पण स्त्रियांना पाचव्या दानापुढे जाऊ देण्याची रीत नव्हती, म्हणून ती तेथेच दीर्घकाळ अडकून राहिली. सहावा दान तिला १९७२ साली मिळाला, कोदोकानने नववा दिला २००६ मध्ये, आणि अमेरिकेच्या ज्यूदो संघटनेने २०११ साली दहावा दिला तेव्हा तिचे वय ९८ होते. ही दिरंगाई काही विद्येची कसोटी नव्हती. तो निव्वळ अन्याय होता. योग्यता आलेली असताना पट्टा अडवून धरणारा गुरू आणि योग्यता नसताना तो वाटणारा क्लास, दोघेही पट्ट्याचा अर्थ बिघडवतात. काही ठिकाणी फीसाठी परीक्षा लांबवत नेतात, तोही त्यातलाच प्रकार.

मग माझे उत्तर काय? आठवड्यातून तीन दिवस नियमित सराव करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला तीन ते पाच वर्षांत पहिला काळा पट्टा मिळावा, असे मला वाटते. रोज घाम गाळणाऱ्याला तो लवकर मिळाला तरी हरकत नाही. किमान मुदत असावी, पण ती भरली म्हणून पट्टा मिळू नये. लहान मुलांसाठी वेगळी खूण असावी. तायक्वांदोत कोरियातील कुक्कीवॉनच्या नियमाने १५ वर्षांखालील मुलांना 'दान' न देता 'पूम' देतात आणि त्यांचा पट्टा अर्धा तांबडा, अर्धा काळा असतो. ही तोड मला शहाणपणाची वाटते. त्याच नियमांत पहिल्या दानापासून दुसऱ्यापर्यंत निदान एक वर्ष, पुढे तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन वर्षे थांबावे लागते. जितके वर जावे तितके थांबणे वाढते. विद्येचा स्वभावच तसा आहे.

परीक्षेत निदान चार गोष्टी पाहिल्या जाव्यात. इजा न होता पडता येते का? मूलभूत हालचाली दमल्यावरही नीट होतात का? प्रतिकार करणाऱ्या जोडीदारापुढे त्यांतले काय टिकते? आणि नवख्या विद्यार्थ्याला सांभाळून शिकवता येते का? शिवाय परीक्षक बाहेरचा असावा आणि नापास होण्याची सोय असावी. ज्या परीक्षेत नापास होता येत नाही, तिला परीक्षा न म्हणता समारंभ म्हणावे.

यंदा जिमखान्याच्या वर्गात नाव घालणाऱ्या प्रथम वर्षाच्या मैत्रिणींना एवढेच सांगेन, की पट्टा किती दिवसांत मिळेल हे जरूर विचारा; त्यात लाज नाही. पण लगेच दुसरा प्रश्नही विचारा : तो मिळाल्यावर मला काय येत असेल, आणि काय येत नसेल?

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत दिले. आईला सगळे सांगितले. तीनदा पडले तेही. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मग एवढी अडीच वर्षं मी उगाच निर्धास्त होते म्हणायची." हे ऐकताना पाठीवर पडण्यापेक्षा जास्त लागले. थोड्या वेळाने तिने विचारले, "आता तरी नीट शिकवतात ना?" मी हो म्हटले. त्या सुट्टीत शेवटच्या एस.टी.ला बाबा मला घ्यायला थांब्यावर येऊ लागले, आणि मीही त्यांना नको म्हटले नाही.

जिमखान्यात मी पांढरा पट्टा बांधून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, त्याला आता चार वर्षे होत आली. गेल्या महिन्यात सरांनी माझे नाव शोदानच्या परीक्षेसाठी पाठवले. पास झाले तर नवा पट्टा विकत घेणार नाही. ट्रंकेतला जुनाच काढीन. त्या वेळी तो फार लवकर मिळाला होता, एवढाच काय तो त्याचा दोष.