खाणीतले शिसे आपल्या गोठ्यात



लागण, खोडवा, खताचे हप्ते यांवर आपण या पानातून नेहमी बोलतो. आज विषय जनावरांचा आहे. उसाचे बिल येईपर्यंत आपला घरखर्च दुधावरच चालतो.

गेल्या पावसाळ्यात आंबेगाव तालुक्यातील एका सभासदाच्या वस्तीवर ऊस पाहायला गेलो होतो. गोठ्यात एक कालवड भिंतीला डोके लावून उभी. तोंडाला फेस, दातांची करकर, आणि डोळ्यांपुढे हात हलवला तरी पापणी हलेना. मी म्हणालो, "कोवळी ज्वारी खाल्ली असेल, किराळ लागली." माझे चुकले. डॉक्टरांनी गोठ्यामागे फिरून पाहिले, तर तिथे ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी पडलेली. आतल्या पट्ट्या कालवडीने चाटल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ती गेली.

हे विष शिशाचे. राजस्थानात उदयपूर भागात शिसे-जस्ताच्या खाणी आहेत. खाणीची धूळ व भट्टीचा धूर गवतावर बसतो आणि चरणाऱ्या जनावरांच्या पोटात जातो. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातील दूषित भागांतल्या दुभत्या गाईंचे रक्त व दूध तपासले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिसे-जस्ताच्या भट्टीजवळच्या गाईंच्या रक्तात सर्वांत जास्त शिसे सापडले. रक्तात वाढले तसे ते दुधातही उतरले.

आपल्या जुन्नर-आंबेगावात शिशाची खाण नाही. दगडखाणी आहेत, पण आपल्या काळ्या पाषाणात शिशाचा साठा नसतो. तरीही खाणीतले शिसे आपल्या दारात येते, ते बॅटरीतून. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसेच असते. तुकडा गिळला की तो जड असल्याने जाळीपोटात बसतो आणि हळूहळू विरघळतो. वासरांना बाधा लवकर होते.

वाचलेले जनावर बरे दिसते, पण तेवढ्यावर भागत नाही. शिसे हाडांत साठते व पुढे महिनोन् महिने रक्तात, दुधात येऊ शकते. दूध उकळून ते जात नाही, आणि ते दूध पितात आपलीच लहान मुले.

म्हणून एवढे करा :

१) जुनी बॅटरी गोठ्यात, बांधावर, उकिरड्यावर टाकू नका. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या.

२) कडबाकुट्टी व मुरघास करताना चाऱ्यात बॅटरीचा तुकडा नाही ना, ते पाहा. एक तुकडा बारीक झाला तर सगळ्या दावणीला विष जाते.

३) शेंदूर हे मुळात शिशाचेच संयुग आहे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवताना तो वापरू नका. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. डब्यावर तसे लिहिलेले पाहूनच रंग घ्या.

४) खनिज मिश्रण रोज द्या. क्षारांची उणीव असली की जनावर काहीही चाटते.

५) आंधळेपणा, दात खाणे, झटके दिसले की ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा. काय चाटले असेल ते लपवू नका. संशय असेल तोवर त्या जनावराचे दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका.

हा अंक वाचून झाला की एकदा गोठ्यामागे चक्कर मारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी