प्रक्रियकाचा वेग वाढविताना

संगणकातील प्रोसेसर, अर्थात प्रक्रियक, आपले काम एका ठरावीक तालावर करीत असतो. हा ताल दोन संख्यांच्या गुणाकारातून सिद्ध होतो. १९९८ साली इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या 'सेलेरॉन ३००ए'चे उदाहरण घेऊ. त्याची मूळ वारंवारता सुमारे ६६.७ मेगाहर्ट्झ आणि गुणक ४.५, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणक कारखान्यातच कायम केलेला असे. परंतु मूळ वारंवारता १०० केली, की तोच प्रक्रियक ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागे. अनेक हौशी लोकांनी हा प्रयोग यशस्वी केला. मात्र प्रत्येक नग तो ताण सोशीलच, अशी हमी नव्हती.

याचे कारण काय? ट्रान्झिस्टरला आपली स्थिती बदलण्यास काही काळ लागतो. तो पुरा होण्यापूर्वीच पुढील ठोका पडला, तर उत्तर चुकते. विद्युतदाब वाढविल्यास हा बदल लवकर होतो. पण त्यासाठी खर्ची पडणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून दाब १० टक्क्यांनी वाढविला, तरी ती २१ टक्क्यांनी वाढते आणि तिची उष्णता होते.

म्हणून प्रथमच हा प्रयोग करणाऱ्याने महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी काढून ठेवावी. वेग थोडाथोडा वाढवावा, प्रत्येक पायरीवर तापमान पाहावे आणि ज्यांची उत्तरे ठाऊक आहेत अशी अवघड गणिते यंत्राकडून काही तास करवून घ्यावीत. यंत्र बंद पडले तर दोष निदान कळतो. चालू राहून चुकीचे उत्तर देणारे यंत्र अधिक घातक होय.