मुलांसाठी थांबलेली वर्षे आणि वैद्यकीय प्रवेश

लग्न झाले, मुले झाली आणि डॉक्टर होण्याचे राहून गेले, अशा माजी विद्यार्थिनी कधीकधी विचारतात, "मधली वर्षे अर्जात कशी सांगायची?" विचारताना आवाज उगाच खाली येतो.

आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकाची ओढ त्यांना त्या दुःखातून लागली, असे मानतात. १८८३ साली अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करत नसू, हे त्यात सरळ मान्य केले आणि आपल्या देशातील स्त्रियांसाठी शिकायचे आहे, हेही सांगितले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आपल्याकडे एम.बी.बी.एस.साठी असे पत्र लागतच नाही. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो. कमाल वयाची अट २०२२ मध्ये निघाली, परीक्षा कितीही वेळा देता येते. बारावीला जीवशास्त्र नव्हते, तरी ते नंतर जादा विषय म्हणून घेऊन पात्र होता येते. हा निर्णय २०२३ चा. मधल्या वर्षांसाठी प्रवेशाच्या वेळी बहुधा नोटरीचे शपथपत्र मागतात. "या काळात मुलांच्या संगोपनासाठी घरी होते, अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता," एवढे पुरते.

खरी अडचण नावाची! आपल्यात लग्नात मुलीचे पहिले नावही बदलते. आनंदीबाई माहेरच्या यमुना. त्या काळी कोणी विचारले नाही. आज बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, म्हणजे खिडकीवर अडलेच. विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाची कागदपत्रे फॉर्म भरण्याआधीच तयार ठेवावीत. मुलींनो, शक्य असेल तर नाव बदलूच नका, हे माझे मत.

परदेशी अर्ज करणाऱ्यांना मात्र स्वतःविषयी लिहावे लागते. तिथे दोन वाक्ये पुरेत: "२०१७ ते २०२२ दोन मुलांना वाढवले. २०२३ पासून रसायन आणि जीवशास्त्राचा पुन्हा अभ्यास करते आहे." क्षमा मागू नये, मातृत्वाचे गोडवेही गाऊ नयेत. वाचणाऱ्याला दुसरे वाक्य हवे असते.

अभ्यास नव्या पुस्तकांतून करा. 'नीट'चा अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून बदलला आहे. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. पुढे साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप आणि हजेरी सक्तीची. देवासहून इंदूर रोज गाठता येईल, धारहून रोजची ये-जा जड जाते. तेव्हा मुलाला शाळेतून कोण आणणार, तापात कोण बसणार, हे सासूबाई आणि यजमानांशी आधी बोलून घ्या. शपथपत्राच्या कागदापेक्षा हे बोलणे अवघड.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. शाळा सुटेपर्यंत दुपारी वाचनालयाची खोली रिकामी असते. मुलांना न्यायला येणाऱ्या आयांना ती अभ्यासासाठी उघडून द्यावी. एक टेबल आणि एक पंखा पुरेल.